घासाचा हिशेब



रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर दादर स्थानकाबाहेरच्या बाजारातून जाताना आपला हात नकळत सैल होतो. रोजेदाराच्या डोळ्यांना डझनभर केळीही थोडी वाटतात. इफ्तारनंतर मात्र चिरलेली फळे ताटातच राहतात आणि सकाळी कचऱ्यात जातात. पैसा हलालचा होता, असे म्हणून आपण मनाचे समाधान करतो.

सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आहे आणि त्याच आयतीत अतिरेकाची मनाईही आहे. या अतिरेकाला ‘इस्राफ’ म्हणतात. म्हणजे अन्न हलाल असले, तरी त्याला मर्यादा आहे.

आपण टाकतो ते केवळ अन्न नसते. एक किलो तांदळामागे सुमारे २,५०० लिटर पाणी खर्च होते. मूठभर भात टाकला, तर कुण्या शेतकऱ्याचे श्रम आणि कित्येक बादल्या पाणी त्यासोबत वाया जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून. तेव्हा दोष केवळ हॉटेलांना आणि लग्नाच्या मांडवांना देता येत नाही.

टाकलेले अन्न नाहीसेही होत नाही. कचऱ्याच्या ढिगाखाली हवेविना कुजताना त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि पृथ्वीची उष्णता वाढवतो. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा साठत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे भीषण आग लागली. शेजारच्या गोवंडीतील मुलाबाळांनी तो धूर श्वासात घेतला.

येथे प्रश्न ‘हुकूकुल इबाद’चा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा होतो. प्रेषित (स.) यांनी खरा कंगाल कोण, हे सांगितले आहे: जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण ज्यांना त्याने दुखावले त्यांना आपली पुण्ये देता देता रिकामा होईल. ज्या रोजाच्या इफ्तारचे उरलेले अन्न दुसऱ्याच्या श्वासात धूर होऊन जाते, त्या रोजाचे पुण्य आपल्यापाशी किती उरेल?

उपाय अवघड नाहीत. खरेदीला रोजा सोडल्यावर किंवा सकाळी जा. घरात काय आहे ते पाहून यादी करा. कापडी पिशवी सोबत ठेवा. भात माणसे मोजून शिजवा. प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना रश्शात पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्यास सांगितले होते, म्हणून उरण्याची वाट न पाहता शेजाऱ्याचा वाटा आधीच काढा. ताटाबाहेर पडलेला घास स्वच्छ करून खाणे, हीसुद्धा सुन्नत आहे.

आज बाजारात पिशवी भरताना क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: यातले आपण खरोखर किती खाणार आहोत?

अल्लाह आपल्याला त्याच्या देणग्यांची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.