ड्रू ब्रीस: २० हंगाम, ८०,३५८ यार्ड आणि आपल्या गल्ल्याचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अमेरिकन फुटबॉलमधल्या एका खेळाडूबद्दल बोललो. व्हिडिओत सगळे आकडे सांगायला वेळ नव्हता, म्हणून ते इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

"सर, आम्हाला क्रिकेट समजतं, हे अमेरिकन फुटबॉल कशाला?" असं काही जण म्हणतील. कारण साधं आहे. या खेळात प्रत्येक फेक मोजली जाते: किती फेकी केल्या, किती झेलल्या गेल्या, किती अंतर मिळालं, किती चेंडू समोरच्याच्या हातात गेले. दुकानदारीत आपण नेमकं हेच करत नाही. संध्याकाळी गल्ला मोजतो आणि शटर ओढतो.

आधी खेळ थोडक्यात

मैदान १०० यार्डांचं. एक यार्ड म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार संधींत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा चार संधी. नाही गेले, तर चेंडू समोरच्यांकडे. असं करत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे ६ गुण.

क्वार्टरबॅक हा चेंडू हातात घेऊन दोन-तीन सेकंदांत ठरवतो की कोणाकडे फेकायचा. त्या वेळात समोरून दीडशे-दीडशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत येत असतात. फेक झेलून सोबती जेवढा पुढे पळतो, ते अंतरही क्वार्टरबॅकच्या खात्यात धरतात. आता ड्रू ब्रीसकडे वळू.

टप्पा १: ३२ व्या नंबरची निवड (२००१)

ब्रीस १९७९ चा, टेक्सासमधला. उंची साधारण सहा फूट. आपल्याकडे सहा फूट म्हणजे लग्नाच्या बायोडाटात ठळक अक्षरात लिहितात! पण या खेळात क्वार्टरबॅकसाठी ही उंची कमी मानतात, कारण पुढच्या धिप्पाड खेळाडूंच्या डोक्यावरून मैदान दिसायला हवं.

पर्ड्यू विद्यापीठात तो उत्तम खेळला. तरी २००१ च्या निवडीत पहिल्या फेरीत त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या फेरीत, एकूण ३२ व्या क्रमांकावर, सॅन डिएगो चार्जर्सनी त्याला घेतलं. पहिल्या वर्षी फक्त एका सामन्यात संधी मिळाली. २००३ मध्ये ११ टचडाउन आणि समोरच्यांच्या हातात गेलेल्या १५ फेकी, असा उलटा हिशोब लागला आणि हंगामाच्या मधेच त्याला बसवलं. २००४ मध्ये संघाने फिलिप रिव्हर्स हा नवा क्वार्टरबॅक आणला. म्हणजे मालकाने न बोलता सांगितलं, "तुझी जागा भरायची सोय केलीये."

त्याच २००४ च्या हंगामात ब्रीसने २७ टचडाउन फेकी केल्या आणि फक्त ७ फेकी समोरच्यांना दिल्या. आदल्या वर्षी १६ पैकी ४ सामने जिंकलेला संघ त्या वर्षी १२ जिंकला.

दुकानासाठी: समोर मोठं मार्ट उघडलं की आपण पहिलं काम करतो ते भाव पाडण्याचं. ब्रीसच्या त्या वर्षात टचडाउन वाढले हे सगळ्यांना दिसतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १५ वरून ७ वर येणं. आधी गळती थांबवा. पडून राहिलेला माल, विसरलेली उधारी, बिलात न धरलेली वस्तू या आपल्या समोरच्यांच्या हातात गेलेल्या फेकी आहेत.

टप्पा २: निकामी खांदा आणि बुडालेलं शहर (२००६)

३१ डिसेंबर २००५. हंगामाचा शेवटचा सामना. हातातून सुटलेला चेंडू उचलायला ब्रीस झेपावला आणि वरून प्रतिस्पर्धी पडला. फेकायचाच, म्हणजे उजवा खांदा फाटला. वय २६. मोठी शस्त्रक्रिया झाली. सॅन डिएगोने पक्क्या भरवशाचा करार दिला नाही. मायामीचा संघ त्याला घ्यायचा विचार करत होता, पण खांद्याच्या तपासणीनंतर त्यांनी दुसरा माणूस घेतला.

उरला न्यू ऑर्लीन्स सेंट्स. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळात त्या शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता. सेंट्सचं स्टेडियम, सुपरडोम, हजारो बेघर लोकांचा आसरा झालं होतं. संघाला घरचे सामने दुसऱ्या शहरांत खेळावे लागले आणि त्या हंगामात १६ पैकी ३ जिंकता आले. असा संघ आणि खांद्याची खात्री नसलेला खेळाडू. दोघांनाही दुसरं कोणी विचारत नव्हतं.

२५ सप्टेंबर २००६ ला सुपरडोम पुन्हा उघडलं आणि सेंट्सनी अटलांटाला २३-३ ने हरवलं. त्या हंगामात ब्रीसने ४,४१८ यार्ड फेकले, लीगमध्ये सगळ्यात जास्त.

इथे एक सावधगिरी. "पडक्या जागेत दुकान टाका, नशीब उघडेल" असा याचा अर्थ काढू नका. खांदा बरा होईल का याचा धोका सेंट्सनी पत्करला, पण त्याच वेळी नवा प्रशिक्षक शॉन पेटन आणला, त्याच्या पद्धतीत बसणारा क्वार्टरबॅक घेतला, संघ नव्याने बांधला. धोका आणि तयारी, दोन्ही एकाच वहीत लिहिलेलं होतं.

टप्पा ३: १५ यार्ड कमी, मग विक्रम, मग १ यार्ड

हा भाग मला सगळ्यात आवडतो.

एका हंगामात सर्वाधिक यार्डांचा विक्रम डॅन मारिनोच्या नावावर होता: ५,०८४, वर्ष १९८४. २००८ मध्ये ब्रीस ५,०६९ वर थांबला. फक्त १५ यार्ड कमी! सोळा सामन्यांच्या हंगामात १५ यार्ड म्हणजे त्याच्या सरासरीने दोन फेकींचं अंतर.

पुढच्या हंगामात त्याने यार्ड कमी फेकले, पण संघ जिंकला. ७ फेब्रुवारी २०१० ला सुपर बोलमध्ये सेंट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना ३१-१७ ने हरवलं. ब्रीसच्या ३९ पैकी ३२ फेकी झेलल्या गेल्या आणि तो सामनावीर ठरला. सेंट्सचं ते पहिलंच विजेतेपद.

मग २०११ मध्ये ५,४७६ यार्ड. मारिनोचा २७ वर्षांचा विक्रम मोडला. आणि २०१३ मध्ये पेटन मॅनिंगने केले ५,४७७. एका यार्डाने विक्रम गेला!

आता हिशोब मांडा. १५ यार्डांनी चुकला तेव्हा तो अपयशी होता का? १ यार्डाने विक्रम गेला तेव्हा त्याचं २०११ चं काम कमी झालं का? आणि ज्या वर्षी सगळ्यात मोठी ट्रॉफी मिळाली, त्या वर्षी यार्डांचा विक्रम नव्हताच. विक्री हा एक आकडा आहे आणि हातात उरलेला पैसा हा दुसरा. दिवाळीत विक्रमी विक्री करून जानेवारीत होलसेलवाल्याला तोंड चुकवणारे दुकानदार मी पाहिलेत. एकदा मीही चुकवलंय.

टप्पा ४: ५४ सामन्यांची माळ (२००९ ते २०१२)

जॉनी युनायटसने सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन फेक केली होती. १९६० मध्ये थांबलेला तो विक्रम ५२ वर्षं टिकला. ७ ऑक्टोबर २०१२ ला ब्रीसने सलग ४८ वा सामना गाठला. माळ ५४ पर्यंत गेली आणि २९ नोव्हेंबरला अटलांटाविरुद्ध तुटली. त्या दिवशी एकही टचडाउन फेक नाही आणि ५ फेकी समोरच्यांच्या हातात. संघही हरला.

एवढा मोठा खेळाडू, आणि एवढा वाईट दिवस! पण तो हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर पुन्हा ५,००० च्या वर यार्ड होते. असे ५,००० यार्डांचे पाच हंगाम त्याने केले. सातत्य म्हणजे वाईट दिवस न येणं नव्हे. दुसऱ्या दिवशी शटर वेळेवर उघडणं म्हणजे सातत्य.

टप्पा ५: मोठे विक्रम (२०१८ आणि २०१९)

८ ऑक्टोबर २०१८. वॉशिंग्टनविरुद्ध ६२ यार्डांची टचडाउन फेक करून ब्रीसने मॅनिंगचा कारकिर्दीतल्या ७१,९४० यार्डांचा विक्रम मागे टाकला. खेळ थांबवून सत्कार झाला. त्याने मैदानाच्या कडेला आपल्या मुलांना जवळ घेतलं आणि सांगितलं की ज्यासाठी कष्ट करायची तयारी आहे ते मिळवता येतं. त्या हंगामात त्याच्या ७४.४ टक्के फेकी झेलल्या गेल्या, तोही तेव्हाचा विक्रम. वय ३९.

१६ डिसेंबर २०१९. कोल्ट्सविरुद्ध ३० पैकी २९ फेकी अचूक, म्हणजे ९६.७ टक्के. आधीचा उच्चांक २९ पैकी २८ चा होता, आणि तो कोणाचा? सॅन डिएगोत त्याची जागा घेणाऱ्या फिलिप रिव्हर्सचा! त्याच रात्री मॅनिंगचा ५३९ टचडाउन फेकींचा विक्रमही त्याने ओलांडला.

पण त्याच २०१९ मधली एक गोष्ट कमी सांगितली जाते. सप्टेंबरमध्ये ब्रीसच्या उजव्या अंगठ्याला दुखापत झाली आणि तो पाच सामने खेळू शकला नाही. त्याच्या जागी टेडी ब्रिजवॉटर उतरला. निकाल? पाचपैकी पाच विजय.

हे वाचताना मला माझे अठरा दिवस आठवतात. स्टेशनरीचं दुकान सुरू करून तिसरं वर्ष. ऐन जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या हंगामात, मला टायफॉइड झाला. भाचा दुकानात बसायला तयार होता. पण कोणत्या वहीचा भाव काय, कोणत्या शाळेची यादी कुठली, कोणाला उधार द्यायचं, हे सगळं माझ्या डोक्यात. तो दिवसाला तीस-तीस फोन करायचा आणि मी तापात उत्तरं द्यायचो. चौथ्या दिवशी आईने फोन काढून घेतला आणि दुकान बंद ठेवलं. त्या अठरा दिवसांत तीन शाळांची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. दोन शाळांची परत आली, एक आजही आलेली नाही. दोष भाच्याचा नव्हता. मी त्याला कधी काही लिहून दिलंच नव्हतं.

ब्रिजवॉटर रोज ब्रीससोबत सराव करायचा, त्याच बैठकांना बसायचा, त्याच खुणा शिकायचा. म्हणून तो पाच सामने जिंकू शकला.

शेवटचा हिशोब

मार्च २०२१ मध्ये ब्रीस निवृत्त झाला. २० हंगाम, २८७ सामने, ८०,३५८ यार्ड, ५७१ टचडाउन फेकी. अंतर काढलं तर ७३ किलोमीटरच्या वर!

पण हा आकडा फोडून बघा. एकूण फेकी १०,५५१. म्हणजे एका फेकीला सरासरी ७.६ यार्ड, फक्त सात मीटर. त्यातल्या ७,१४२ झेलल्या गेल्या, बाकीच्या तीन हजारांहून जास्त वाया गेल्या. २४३ तर थेट समोरच्यांच्या हातात. एका सामन्याला सरासरी २८० यार्ड.

सात-सात मीटरने ७३ किलोमीटर झाले. मोठी गिऱ्हाइकी म्हणजे काय, तर ही अशी बेरीज.

आणि विक्रम? ३ ऑक्टोबर २०२१ ला, निवृत्तीला सात महिनेही झाले नव्हते, टॉम ब्रेडीने यार्डांचा विक्रम मोडला. टचडाउनचा त्याने आधीच मागे टाकला होता. लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा वार्षिक किताब ब्रीसला एकदाही मिळाला नाही. सुपर बोल एकच. तरी न्यू ऑर्लीन्समध्ये त्याची जागा कोणी घेऊ शकलेलं नाही. शहर बुडालेलं असताना आलेला माणूस लोक विसरत नाहीत. आपल्या गल्लीतही तसंच असतं. कोणाच्या अडचणीत तुम्ही अर्ध्या रात्री शटर उघडलं, ते लोक तुमच्या भावापेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

या आठवड्याचा गृहपाठ

१. सात दिवस रोज चार आकडे लिहा: दुकानात किती गिऱ्हाइकं आली, किती जणांनी काही घेतलं, एकूण विक्री, आणि नवीन उधारी. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ही तुमच्या फेकींची अचूकता.

२. गेल्या महिन्यातल्या तीन गळत्या शोधा. त्यातली एकच निवडा आणि या महिन्यात निम्म्यावर आणा. तिन्ही एकदम नको.

३. एका वहीत दुकानाची पानं तयार करा: भाव, माल देणाऱ्यांचे नंबर, उधारीचे नियम, रोज उघडताना आणि बंद करताना काय करायचं. मग घरातल्या किंवा कामावरच्या माणसाला एक पूर्ण दिवस दुकान सोपवा. त्या दिवशी फोन उचलायचा नाही. संध्याकाळी त्याला काय काय अडलं ते त्याच वहीत लिहा.

तिसरा गृहपाठ सगळ्यात अवघड आहे, आणि बहुतेक जण तोच टाळतील. टाळू नका. मी टाळला होता. एक शाळा अजून परत आलेली नाही.

सात दिवसांचे आकडे हातात आले की पुढचा व्हिडिओ बघा. त्यात ते कसे वाचायचे ते शिकू. तोवर, बोहनी चांगली होवो!