पोथीचे नाव आणि फायलीचे नाव : पाठचिकित्सेच्या अंगाने एक टिपण

संतचरित्रकार महिपती (१७१५-१७९०) यांचे ताहराबाद हे गाव राहुरी तालुक्यात आहे. ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे त्यांचे सुपरिचित ग्रंथ. अशा ग्रंथांच्या पोथ्यांच्या छायाप्रती आता संगणकावर जतन केल्या जातात. हस्तलिखिताच्या अभ्यासात पुष्पिकेस जे स्थान आहे, तेच छायाप्रतीच्या बाबतीत पुष्कळदा फायलीच्या नावास प्राप्त होते. एका संगणकप्रणालीतून दुसरीत जाताना ते नाव बदलले, तर प्रत कोणत्या पोथीची हेच संदिग्ध होते. म्हणून या प्रश्नाचा विचार साहित्याच्या अभ्यासकानेही करणे अगत्याचे आहे.

नावात होणारे बदल स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला संक्षेपाचा. एमएस-डॉसमध्ये नावास आठ व विस्तारास तीन एवढीच अक्षरे मिळत. विंडोज ९५ ने १९९५ मध्ये दीर्घ नावे स्वीकारली. परंतु जुन्या प्रोग्रॅमसाठी एक लघुनामही ठेवले. त्यात सामान्यतः पहिली सहा अक्षरे, एक नागमोडी चिन्ह व अनुक्रमांक असे. उपरोक्त दोन्ही ग्रंथनामे रोमी लिपीत लिहिली, तर ‘भक्त’ या शब्दाची सहा अक्षरे दोहोंत समानच येतात. उरतो तो एक आणि दोन या आकड्यांचा भेद. आणि तोही ग्रंथावरून नव्हे, तर कोणती फाइल आधी निर्माण झाली यावरून ठरतो.

दुसरा बदल निषिद्ध चिन्हांमुळे होतो. लिनक्सवर चालणारे प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम विंडोजच्या नावात चालत नाही. शिवाय रोमी लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांची दोन नावे लिनक्स भिन्न मानते, विंडोज सामान्यतः एकच मानते. परिणामी एक प्रत दुसरीवर लिहिली जाण्याचा धोका संभवतो.

तिसरा बदल सर्वांत सूक्ष्म आहे. ‘वारकऱ्यांची पदे’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. मॅकची एचएफएस प्लस ही रचना नावे विघटित रूपात साठवीत असे. तेथून लिनक्सवर आलेले नाव डोळ्यांना तेच दिसते. शोधू जाता मात्र सापडेलच असे नाही. हा अदृश्य पाठभेदच होय.

यावर उपाय कोणता? फायलीस रोमी अक्षरे व अंक यांचा साधा दाखल क्रमांक द्यावा. मूळ नाव, पोथीचे वर्णन व फायलीचा चेकसम यांची यादी युटीएफ-८ संकेतनात सोबत ठेवावी. मूळ नाव बदलणे म्हणजे पुरावा पुसणे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु चेकसम मजकुरावरून निघतो, नावावरून नव्हे. म्हणून पुढे नाव कितीही बदलले, तरी यादीच्या आधारे प्रत तीच असल्याची खातरजमा करता येते. नक्कलकाराने पुष्पिका गाळली, तर ती परत मिळविण्याचा मार्ग सहसा नसतो. येथे तो आपल्या हाती आहे, आणि स्थलांतरापूर्वीच योजावयास हवा.