अखंड सावधानता : एका वचनाचा उगम आणि अर्थ

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांतून एक वचन वारंवार ऐकावयास मिळते. 'अखंड सावधानता ही स्वातंत्र्याची किंमत होय' असे ते वचन. वक्ते ते बहुधा अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्या नावावर सांगतात. जेफर्सन यांच्या लेखनात मात्र ते आढळत नाही. त्याचे मूळ आयर्लंडमधील डब्लिन शहरात आहे. ते रणांगणावर किंवा राज्यघटनेच्या चर्चेत उच्चारले गेले नसून एका नगराध्यक्षाच्या निवडणुकीच्या तंट्यातून जन्मास आले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

डब्लिनच्या महापालिकेत दोन मंडळे होती. एक मूठभर आल्डरमनांचे; दुसरे व्यापारी व कारागीर संघांच्या प्रतिनिधींचे. महापौर आल्डरमनांनी निवडावा व दुसऱ्या मंडळाने त्यास संमती द्यावी, असा नियम होता. १७९० साली आल्डरमनांनी जेम्स नावाच्या गृहस्थांची निवड केली. प्रतिनिधींनी ती फेटाळली आणि अखेर हाउइसन यांना आपल्या मताने निवडले. आल्डरमनांना ते मान्य होईना. प्रकरण सरकारच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. तेथे नगरवासीयांच्या प्रतिनिधींची बाजू मांडताना जॉन फिलपॉट करन या विधिज्ञाने १० जुलै १७९० रोजी जे भाषण केले, त्यात या वचनाचा पहिला अवतार सापडतो. आळशी माणसांचे हक्क उद्योगी माणसांच्या हाती जातात, हा जगाचा रिवाजच आहे, असे सांगून करन पुढे म्हणाला की, ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिले ते अखंड सावधानतेच्या अटीवर. ती अट मोडली की गुलामी हेच त्या अपराधाचे फळ आणि तीच त्याची शिक्षा.

पुढे बासष्ट वर्षांनी, २८ जानेवारी १८५२ रोजी, बोस्टन येथे गुलामगिरीविरोधी संस्थेच्या सभेत वेंडेल फिलिप्स यांनी हाच विचार आटोपशीर रूपात मांडला आणि तेच रूप जगभर पसरले. या प्रवासात एक शब्द बदलला. करनची 'अट' जाऊन तिच्या जागी 'किंमत' आली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु किंमत एकदा चुकती केली की वस्तू आपली होते, अट मात्र कायम पाळावी लागते. मूळ शब्दच अधिक नेमका होता, असे म्हणणे भाग आहे.

मराठी मनाला 'सावधान' हा शब्द परका नाही. बीड जिल्ह्याच्या उत्तरेला, गोदावरीपलीकडे असलेले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बोहल्यावर मंगलाष्टकांतील 'सावधान' हा शब्द कानी पडताच बालक नारायण तेथून निघून गेला, ही परंपरागत कथा या परिसरात घरोघर ठाऊक आहे. ऐकलेल्या शब्दाप्रमाणे तत्काळ वागणे हाच त्या कथेचा गाभा.

बीड जिल्ह्याला या वचनाचा अर्थ ग्रंथांतून शिकावा लागला नाही. निजामी राजवटीत साधी जाहीर सभा भरवावयाची तरी 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाप्रमाणे पूर्वपरवानगी घ्यावी लागे. त्या काळात मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून कार्य करीत होते. तेथूनच ते सार्वजनिक चळवळीकडे वळले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला तरी हैदराबाद संस्थानातील प्रजेला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. सभा भरविण्याचा हक्क मिळविण्यासाठी येथील माणसे तुरुंगात गेली, हे पुढील विवेचनाच्या संदर्भात विसरता येणार नाही.

मुक्तीनंतर चौदा महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत तोच प्रश्न अधिक रोखठोकपणे विचारला. भारत पूर्वीही स्वतंत्र होता आणि आपल्याच माणसांच्या फितुरीने त्याने स्वातंत्र्य गमावले. मिळालेले स्वातंत्र्य आता टिकेल काय, ही चिंता त्यांनी बोलून दाखविली. कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये, हा जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा त्यांनी सभागृहाला सांगितला. आणि सामाजिक व आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही, असेही बजावले. करनची अट येथे अधिक व्यापक होते. सावध राहण्यास माणसाजवळ फुरसत, अक्षरओळख आणि पोटाची निश्चिती हवी. ती नसेल तर दोष एकट्या त्याच्या आळसाचा म्हणता येत नाही.

बीड जिल्ह्यात हे प्रत्यक्ष दिसते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात पंचायत राज्य सुरू झाले आणि १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात, असे राज्याचा कायदा सांगतो. प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी धरले जातात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक गणपूर्तीस पुरतात. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते आणि ती पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पाराखाली बसलेल्या दहा-बारा जणांनी केलेला ठराव हा साऱ्या गावाचा ठराव ठरू शकतो. डब्लिनचे मूठभर आल्डरमन निदान भांडून हक्क घेऊ पाहत होते. येथे तो रिकाम्या सतरंजीमुळे आपोआप हाती येतो.

शिवाय पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा भरते तेव्हा कित्येक वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसे आणि मुलेच असतात. घरकुलासारख्या योजनांच्या लाभार्थींची निवड ग्रामसभेत व्हावयाची असते. आणि ज्यांना त्या घराची सर्वाधिक निकड, तेच फडात असतात.

कायद्याने एक दार मात्र उघडे ठेवले आहे. आर्थिक वर्षाची पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते आणि तीत मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणाचे शेरे व त्यांवरील उत्तरे आणि चालू वर्षाची नियोजित कामे ग्रामपंचायतीने मांडावयाची असतात. ही सभा बहुधा १ मे रोजी भरते. तोवर कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात आणि बैलगाड्या गावी आलेल्या असतात.