फरशी आधी पायांना दाखवा

घराचं काम काढायचं ठरलं की फोनमध्ये फोटो जमायला लागतात. नणंद पाठवते, सोसायटीतल्या मैत्रिणी पाठवतात, आणि आपण एकदा शोधायला बसलो की पुढचे फोटो न मागताच येत राहतात. मोरोक्कन नक्षी, इटालियन मार्बल, षटकोनी टाइल, टीव्हीमागे दगडी भिंत. या फोटोंतल्या फरशीवर कुणी चाललेलं नसतं. ओला पाय नाही, सांडलेली आमटी नाही, कपाटाखालून काढलेला झाडू नाही. नवी कोरी फरशी सगळीच देखणी दिसते, त्यामुळे असे शेकडो फोटो पाहूनही निवड करायला त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

आमची पुण्यातली इमारत जुनी, मूळ फरशी मोझॅकची. पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून केलेल्या टाइल, जागेवर मशीन फिरवून घासलेल्या. एकेक करत बहुतेक घरांनी ती काढली किंवा तिच्यावरच नवी बसवली. हे सगळं मी शेजारी म्हणून जवळून पाहिलं, आणि आमच्या घरीही झालं. नव्याने काम काढणाऱ्यांनी काय पाहावं, कुठे पाहावं आणि दुकानात काय विचारावं, ते या अनुभवातून सांगते.

आमच्या दिवाणखान्यात दोन बाय चारच्या टाइल आहेत. पांढऱ्या संगमरवरावर करड्या शिरा, अशी छापील नक्षी. दुकानात एकच टाइल स्टँडवर उभी केलेली होती, वरून दिव्याचा झोत. "प्रत्येक पीस वेगळा येतो," असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं. बसवून झाल्यावर दिसलं की एक जाड शीर खाली येता येता दुभंगते आणि उजव्या फाट्याच्या टोकाला एक डाग आहे. तो डाग सोफ्याजवळ आहे, जेवणाच्या टेबलाखाली आहे, बाल्कनीच्या दाराशी तर उलटा आहे. एकदा दिसला की डोळा तोच शोधत बसतो. खऱ्या दगडात असं होत नाही, छपाईत होतं. या टाइलवर डिजिटल छपाईने चित्र उतरवतात आणि एका डिझाइनची मोजकीच वेगवेगळी चित्रं असतात. दुकानदार त्यांना 'फेस' म्हणतात. तेव्हा "या डिझाइनचे फेस किती?" हे विचारून घ्यावं. उत्तरावर न थांबता दोन बॉक्स फोडायला लावावेत आणि सगळ्या टाइल दुकानाच्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडून, उभं राहून पाहाव्यात. कुरकुर करतात, पण मांडतात.

त्याच फरशीवर एकदा स्टीलचा डबा कोपऱ्यावर पडला आणि टवका उडाला. आत नुसता मळकट पांढरा रंग. शिरा, करडेपणा, चकाकी, सगळं वरच्या पातळ थरापुरतं. तेव्हापासून कुठलीही शोभेची टाइल पाहिली की मी ती उलटी करते आणि कडेने पाहते. नक्षी किती खोल गेली आहे, हा माझ्या लेखी पहिला प्रश्न. रोजच्या वाटेवर, उंबऱ्याशी, देवघरासमोर जी नक्षी हवी, ती खोल असलेली बरी. भिंतीवर छपाई चालते, तिथे कुणी चालत नाही.

खोल नक्षी म्हणजे काय ते पाहायचं तर भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावं आणि काही वेळ कपाटांकडे न पाहता खाली पाहावं. 1872 साली खुल्या झालेल्या या वास्तूत इंग्लंडच्या मिंटन कारखान्याच्या टाइल आहेत. मिंटनचं नाव झालं ते वेगवेगळ्या रंगांची माती एकमेकांत बसवून भाजलेल्या टाइलमुळे. तिथे रंग वरून चढवलेला नसतो, तो मातीचाच असतो, म्हणून झिजली तरी नक्षी पुसली जात नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही विलायतेहून आणलेल्या टाइलची भूमितीय फरशी आहे.

विलायती टाइलना आपल्याकडे उत्तर मिळालं ते सिमेंटच्या टाइलचं. स्वदेशीच्या काळात, 1922 साली, मुंबईत 'भारत टाइल्स' सुरू झाली आणि जुन्या मुंबईतल्या कितीतरी घरांत अशा नक्षीच्या लाद्या आल्या. ही टाइल भट्टीत भाजत नाहीत. साच्यात कप्पे असलेली धातूची जाळी ठेवून कप्प्याकप्प्यात रंगीत सिमेंट ओततात, जाळी अलगद उचलतात, मागे साधं मिश्रण भरून दाब देतात आणि टाइल पाण्यात मुरवतात. तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागात आत्तंगुडीला हेच काम काचेवर करतात. टाइलला चकाकी येते ती त्या काचेची. दोन्हीकडे रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो. मात्र सिमेंटची टाइल तेल पिते आणि आंबटाने खराब होते. म्हणून ती मला व्हरांड्यात, बैठकीत हवी, गॅससमोर नको.

जुन्या फरशांकडून घ्यायची खरी गोष्ट मात्र रंग किंवा फुलं नव्हे, मांडणी आहे. ही मला आमच्या मिस्त्रींनी शिकवली. पहिल्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यात गुण्या लावला आणि म्हणाले, "ताई, खोली गुण्यात नाही." बहुतेक खोल्या नेमक्या काटकोनात नसतातच. एका टोकाला भिंत थोडी आत आलेली असते. मग एका भिंतीपासून नक्षी सुरू केली की समोरच्या भिंतीशी कापलेले तुकडे एकीकडे चार बोटं आणि दुसरीकडे दोन बोटं येतात, आणि नक्षी जितकी ठळक तितका तो तिरपेपणा जास्त दिसतो. जुने कारागीर काय करत ते कुठल्याही जुन्या घरात पाहा. नक्षी खोलीच्या मध्यात, तिच्याभोवती साडीला असावा तसा काठ, काठाच्या कोपऱ्यांसाठी वेगळी टाइल, आणि काठापासून भिंतीपर्यंत साध्या एकरंगी टाइलची पट्टी. खोलीचा सगळा वाकडेपणा त्या साध्या पट्टीत जिरतो. तिथे टाइल तिरपी कापली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि कपाटं, दिवाण त्याच पट्टीवर येत असल्याने नक्षी फर्निचरखाली वाया जात नाही. हा काठ केवळ हौसेचा नाही हे कळल्यावर मी जुन्या इमारतींचे जिने आणि व्हरांडे वेगळ्याच डोळ्यांनी पाहायला लागले.

गोव्याला गेलात तर पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेतले निळे-पांढरे आझुलेजो पाहून या. पोर्तुगीज चित्रकार जोर्जे कोलासो यांनी लुईश द कामोइंश यांच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर रंगवले आहेत. ते पाहून घरी निळी नक्षी लावावीशी वाटणारच. लावा, पण हेही लक्षात घ्या की ती भिंतीची कला आहे. चकचकीत काचेसारखा लेप असलेली मऊ टाइल पायाखाली घालायची नसते. आणि एका भिंतीला ती शोभते, चार भिंतींना नाही. दुकानात 'हायलायटर' नावाखाली जे विकतात त्याबद्दल मी इथे फार बोलत नाही. बाथरूममध्ये खाली गडद, वर फिकट आणि मध्ये फुलांचा हायलायटर, स्वयंपाकघरात कपबश्या आणि कॉफीच्या बिया. स्वयंपाकघरात कपबश्या खऱ्याच असतात, भिंतीवर वेगळ्या कशाला?

आता दगड. माझ्या धाकट्या जावेने ओट्याला पांढरा संगमरवर घेतला. पाहायला सुंदर. पहिल्याच उन्हाळ्यात सोलकढीच्या पातेल्याखाली गोल उमटला. गुलाबी डाग पुसून गेला, पण कड्याएवढी चकाकी गेली ती गेलीच. तो डाग नव्हता, दगडच खाल्ला गेला होता. संगमरवर मूळचा चुन्याचा. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांतलं आम्ल त्याचा पृष्ठभाग विरघळवतं. शहाबादी, कोटा, तांदूर आणि काळा कडप्पा हे सगळेही चुनखडीच्याच जातीचे. कडप्प्याचा ओटा आपल्या आयांनी वापरला हे खरं, पण पांढुरके ठिपके त्यावरही होतेच, फक्त त्यांचं कुणाला काही वाटत नसे. आंबट लागणार तिथे ग्रॅनाइट, हा साधा नियम. बाथरूममध्ये कोटा किंवा संगमरवर असेल तर सफाईच्या ॲसिडची बाटली घरात आणूच नये. परीक्षा सोपी आहे: दुकानातून टाकाऊ तुकडा मागून आणा, त्यावर लिंबाची फोड रात्रभर उपडी ठेवा, शेजारी हळद-तेलाचा थेंब. सकाळी काय ते दिसेल.

भिंतीला जांभा किंवा दगडाच्या पट्ट्या लावायची सध्या फार हौस आहे. कोकणातल्या घराला जांभा शोभतो, कारण तो तिथल्या जमिनीतूनच चिऱ्यांनी निघतो आणि अख्खी भिंत त्याचीच असते. त्याच्या पातळ चकत्या दिवाणखान्यात चिकटवल्या की छिद्राछिद्रांत धूळ बसते आणि ओल्या फडक्याने ती आणखी आत जाते. बाहेरच्या भिंतीवर सिमेंटने दगड चिकटवला आणि मागे पाणी मुरलं, की पावसाळ्यानंतर पांढरा लोणा फुटतो. आधी पाणी कुठून मुरतं ते बघा, दगडाचं नंतर.

बसवण्याआधी निवडलेली एक टाइल घरी आणून जमिनीवर टाका आणि सकाळच्या उजेडात, रात्रीच्या दिव्यात पाहा. तिच्यावर पाणी ओतून अनवाणी उभे राहा. घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांनाही उभं करा. पाय न घसरण्याच्या मोजणीत आर 9 ही सर्वांत खालची पायरी. बाथरूमला आर 10 किंवा आर 11 मागा, आणि जाळीकडे ढाळ आहे ना हे बादलीभर पाणी ओतून मिस्त्रींसमोरच तपासा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, म्हणूनच साध्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. भिंतीवर तर ॲडहेसिव्हच हवं. बसवल्यावर नाण्याने ठोकत फिरा, पोकळ वाजली ती लगेच काढायला लावा. सांध्याचा रंग टाइलपेक्षा एक छटा गडद घ्या. स्वयंपाकघरात पांढरं ग्राउट हळदीपुढे टिकत नाही, इपॉक्सी महाग पडलं तरी टिकतं.

नक्षीची फरशी असेल तर मधली रेघ दोरीने आखून आधी कोरडी मांडणी करायला सांगा आणि तिचा वेगळा दर कामाआधीच ठरवा. कापाकापीसाठी दहा टक्के माल जास्त धरा, तिरकी मांडणी असेल तर त्याहूनही थोडा अधिक, आणि सगळे बॉक्स एकाच लॉटचे आहेत ना हे टेम्पोतून उतरवतानाच लेबल वाचून पाहा. उरलेला माल परत करा असं सगळेच सुचवतील. तरी एक सीलबंद बॉक्स माळ्यावर जाऊ द्या, आणि त्यावर खोलीचं नाव लिहा, नाहीतर पुढच्या कामाचे मिस्त्री तो शेजारच्या बाथरूमला वापरून मोकळे होतील.