इंजिनाचा सुटा भाग कोणत्या धातूचा करावा?



सातपुड्यातील पाड्यांवर ओढ्या-नदीचे पाणी शेतात चढवायला डिझेलचे छोटे इंजिन वापरतात. ऐन उन्हाळी पिकात ते बंद पडले आणि जुन्या मॉडेलचा भाग बाजारात मिळेना, की शेतकरी लेथवाल्याकडे येतो. पीक तर आठवडाभरही थांबत नाही. म्हणून लेथ शिकवताना मी मुलांना मापाआधी धातूचा धडा देतो. माप चुकलेला भाग बसतच नाही, ते लगेच कळते. धातू चुकलेला भाग मात्र नीट बसतो, इंजिन सुरू होते, आणि काही दिवसांनी तो शेजारचे दोन भाग घेऊन जातो.

"सर, सगळ्यांत कडक लोखंड घेऊ," असे मुले म्हणतात. मी विचारतो, या भागाचे इंजिनात काम काय?

१. झिजणे. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकात बुश असतो आणि त्यात पोलादी गजन पिन हलते. बुशही पोलादाचा केला तर तेल कमी पडताच दोन्ही एकमेकांना ओरबाडतात. म्हणून बुश फॉस्फर ब्रॉन्झचा करावा. झीज होणारच, ती बदलायला सोप्या भागाची व्हावी.

२. मार सोसणे. गजन पिनचा पृष्ठभाग कडक आणि गाभा चिवट हवा. यासाठी ई.एन. ३५३ सारखे पोलाद घेऊन केस हार्डनिंग करतात. साधे माइल्ड स्टील लाल करून पाण्यात बुडवले तरी फारसे कडक होत नाही, कारण त्यात कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो.

३. तुटणे. काही छोट्या पेट्रोल इंजिनांत फ्लायव्हीलची चावी मुद्दाम नरम धातूची असते. झटका बसला की चावी तुटते आणि क्रँकशाफ्ट वाचतो. तिथे पोलादी चावी घातली, तर तो झटका क्रँकशाफ्टला बसतो.

४. तापणे. ॲल्युमिनिअम बिडाच्या दुपटीने फुगते. ८० मि.मी. व्यासाचा पिस्टन २०० अंशांनी तापला, तर बिडाचा सुमारे ०.१८ मि.मी. वाढतो, ॲल्युमिनिअमचा ०.३७ मि.मी. धातू बदलला आणि फट तीच ठेवली, तर पिस्टन जाम होतो.

भंगारातला तुकडा घ्यायचा तर आधी तो ओळखावा. लोहचुंबक ॲल्युमिनिअम आणि गनमेटलला चिकटत नाही. कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते. ग्राइंडरवर माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि कमी फाट्यांच्या. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना पुष्कळ फाटे फुटतात. बिडाच्या आखूड, लालसर. डोळ्यांवर चष्मा हवाच. यातून जात कळते, नेमका ग्रेड कळत नाही. जिथे ग्रेड महत्त्वाचा, तिथे खात्रीच्या दुकानातून नवा बार आणावा.

आणि काही भाग आमच्या वर्गात आम्ही करतच नाही : कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, फ्लायव्हील. हे तुटले तर इंजिनाबरोबर माणूसही जखमी होऊ शकतो. अशा वेळी पंप चार दिवस भाड्याने आणावा, पण भाग मूळ प्रतीचाच बसवावा.

तुमच्या घरी फवारणी यंत्र किंवा पंप असेल, तर तुटलेला भाग फेकू नका. त्याचे तुकडे जोडीच्या भागासह कारागिराकडे न्या. झीज कुठे झाली आणि तडा कुठून सुरू झाला, हे त्यावरूनच कळते.

विचारासाठी प्रश्न
१. बुश आणि पिन एकाच धातूचे का करू नयेत?
२. कोणता भाग नरम असणे हेच त्याचे काम आहे?
३. भंगारातील धातू ओळखण्याच्या तीन खुणा सांगा.