गंजणारे जहाज : एक उघडी प्रयोगशाळा

समुद्रकिनाऱ्यावर टाकून दिलेली होडी किंवा वाळूत रुतलेले जहाज तुम्ही कधी पाहिले आहे का? गोव्यात कांदोळीजवळ जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज रुतले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच गंजत राहिले. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज किनाऱ्याला लागले. अशा अवशेषांचे छायाचित्र पुष्कळजण काढतात. त्याच छायाचित्रांवरून गंजण्याचा अभ्यास कसा करता येईल, ते पाहू.

गंज कोठे जास्त?

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. पाण्यात मीठ विरघळलेले असले की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते.

आता जहाजाची उभी बाजू डोळ्यांसमोर आणा. चिखलात रुतलेल्या तळाला पाणी भरपूर, पण ऑक्सिजन अगदी थोडा. सतत पाण्याखाली असलेल्या भागाला पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच भागवावे लागते. भरतीच्या रेषेच्या थोडे वर मात्र लाटांचे तुषार पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर ठेवतात आणि त्याला लागूनच हवा असते. म्हणून पत्रा सर्वांत जास्त झिजतो तो याच पट्ट्यात. पाण्याखालील पोलादाची जाडी वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटरने कमी होते. तुषारांच्या पट्ट्यात हा वेग त्याच्या कित्येक पट असतो.

शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतील लोखंड पुन्हा उघडे पडते.

टाकून दिलेल्या मोटारीलाही हाच नियम लागू पडतो. टप लवकर वाळतो, पण दाराची खालची कड आणि मडगार्डची आतली बाजू यांत ओला चिखल साचून राहतो. बहुधा पहिली भोके तेथेच पडतात.

छायाचित्र हेच मोजमाप

१. उभे राहण्याची जागा निश्चित करा आणि दर वेळी तेथूनच छायाचित्र घ्या. कॅमेरा अवशेषाच्या बाजूला समोरासमोर असावा, तिरपा नसावा.

२. जहाजासाठी भरतीची वेळ सांभाळा. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. शुद्ध व वद्य चतुर्थीला सकाळी नऊला गेलात, की पाणी जवळजवळ सारख्याच स्थितीत सापडेल.

३. चित्रात माहीत असलेले एक माप हवे. समजा, मोटारीच्या चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे आणि छायाचित्रात तो ३ सेंटिमीटर दिसतो. मग शेजारच्या दारावरील चित्रात अर्ध्या सेंटिमीटरचे दिसणारे भोक प्रत्यक्षात १० सेंटिमीटरचे आहे. जहाजाचे माप ठाऊक नसेल, तर दोन खिडक्यांमधील अंतर एक एकक माना.

दर सहा महिन्यांनी भोकाची रुंदी मोजा आणि काळ व रुंदी यांचा आलेख काढा.

आत का शिरू नये?

गंजलेला पत्रा वरून धड दिसतो, पण पायाखाली खचतो. दुसरा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. त्यासाठी हा प्रयोग करा. परीक्षानळी आतून ओली करून तिला लोखंडाचा कीस चिकटवा आणि ती पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करा. काही दिवसांत पाणी नळीत सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत चढते. कारण नळीतील हवेचा तेवढाच भाग ऑक्सिजन होता आणि तो गंजात खर्च झाला.

जहाजाची बंद कोठी म्हणजे अशीच एक मोठी नळी. तेथील हवेतून ऑक्सिजन कमी झालेला असतो. त्याचा वास येत नाही, गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही पडतो. म्हणून छायाचित्र बाहेरूनच, वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन आणि जागेच्या मालकाच्या परवानगीने काढा.

विचार करा : जुन्या लाकडी होडीच्या फळ्या लोखंडी खिळ्यांच्या भोवतीच का तडकतात? उत्तर याच लेखात आहे.