शाळेचा दाखला काढताना दवाखान्याची फाईलही काढा



मे-जूनमध्ये बदल्या होतात, कुणी कामासाठी गाव सोडतं, कुणी शहरात नवी खोली घेतं. मुलाच्या शाळेचं काम आता बरंच सोपं झालंय. नवीन शाळा ऑनलाइन विनंती पाठवते, जुनी शाळा ती मान्य करते आणि मुलाची माहिती पुढे जाते. त्यामुळे बऱ्याच पालकांना वाटतं, दवाखान्याचंही असंच काहीतरी होत असेल. तसं होत नाही बरं का! जुने डॉक्टर नव्या डॉक्टरांकडे आपणहून फाईल पाठवतील अशी पद्धत आपल्याकडे रुळलेलीच नाही. कागद जातात ते आईवडिलांच्या पिशवीतून. पिशवीत नसतील तर ते जुन्या गावातच राहतात.

याने काय बिघडतं ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी वर्षाच्या मध्येच दाखल झाली. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, हिला फिट येते, गोळी चालू आहे." गोळीचं नाव विचारलं तर म्हणाली, "पांढरी, लांबट." पाकिटात दोन गोळ्या उरलेल्या, आणि नाव छापलेला भाग आधीच कापून गेलेला. फिटचं औषध एकाएकी बंद पडलं तर झटके पुन्हा सुरू होऊ शकतात, म्हणून थांबायला वेळ नव्हता. तालुक्याच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "आधीची चिठ्ठी?" ती नव्हती. शेवटी जुन्या गावातल्या मेडिकलवाल्याला फोन लावला. त्याने बिलबुकातून औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम शोधून फोटो पाठवला, तेव्हा डॉक्टरांना पुढचं ठरवता आलं. मेडिकलवाला भला होता म्हणून निभावलं.

आता हक्काचं बघू. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं सांभाळायचे असतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केली की ती नोंदवून घ्यायची आणि 72 तासांच्या आत कागद द्यायचे, असंही त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 मध्ये सांगितलंय की रुग्णाने किंवा नातेवाइकांनी केसपेपर मागितले तर गोपनीयतेचं कारण पुढे करून ते नाकारता येणार नाहीत. म्हणजे आपण उपकार मागत नाही आहोत. पण 3 वर्षांचा आकडा लक्षात ठेवा. पहिलीतल्या मुलाचे जन्माच्या वेळचे कागद आज मागायला गेलात तर ते मिळतीलच असं नाही.

छोट्या दवाखान्यात मात्र गोष्ट वेगळी असते. तिथे डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी हाच बहुतेक वेळा सगळा रेकॉर्ड, आणि ती आपल्याच हातात दिलेली असते. ती आपण औषध आणलं की फेकतो किंवा फ्रीजवर ठेवून विसरतो! अशा ठिकाणी गाव सोडण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून एक पान लिहून मागा: आजाराचं नाव, कधीपासून आहे, सध्याची औषधं मूळ नावासह आणि मात्रेसह, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि मुलाचं आजचं वजन. वजन कशाला? मुलांची मात्रा बहुतेक वेळा वजनावर ठरते. वजन लिहिलेलं असेल तर नव्या डॉक्टरांना कळतं की मूल वाढलंय आणि मात्रा बदलायची का.

मोठ्या दवाखान्यात मूल दाखल होतं, तर नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रेची फिल्म (फक्त रिपोर्ट नव्हे), ऑपरेशन झालं असेल तर त्याची नोंद, हे सगळं मागा. मूळ केसपेपर दवाखाना ठेवतो, आपल्याला प्रती मिळतात. सोनोग्राफी आणि ईसीजीचे गुळगुळीत कागद काही वर्षांत फिके पडतात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. हे कुणी सांगत नाही.

तोंडी मागून "उद्या या" ऐकायला लागलं तर साधा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. अर्जलेखन आपण मुलांकडून घोटून घेतो, ते इथे कामाला येतं. मजकूर एवढाच:

"माझा मुलगा / मुलगी (नाव, वय) आपल्या रुग्णालयात दि. ___ ते दि. ___ दाखल होता / होती. नोंदणी क्रमांक ___. आम्ही दुसऱ्या गावी राहायला जात असल्याने पुढील उपचारासाठी केसपेपर, तपासणी अहवाल व डिस्चार्ज कार्डाच्या प्रती मिळाव्यात, ही विनंती. प्रतींचे शुल्क भरण्यास तयार आहे."

खाली सही, मोबाईल क्रमांक, तारीख. सरकारी रुग्णालय असेल तर अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करा.

"पण आता आभा कार्ड आहे ना?" असं पालकसभेत हमखास विचारतात. आभाचा 14 अंकी क्रमांक काढून ठेवा, उपयोगाचा आहे. पण क्रमांक काढला म्हणून जुने कागद आपोआप त्यात जात नाहीत. जोडलेल्या दवाखान्यातली नोंदच तिथे दिसते, तीही आपण संमती दिली तर पुढच्या डॉक्टरांना. तोवर कागदांचे फोटो काढून आईवडील दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. एकाच फोनमध्ये नको, फोन हरवतो.

शिक्षकांसाठी थोडं. नवीन मुलाचा दाखला घेताना लसीकरणाचं कार्डही बघायला मागा. 5 ते 6 वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि 10 व्या वर्षाचं टीडी, या दोन लसी स्थलांतरात हमखास राहून जातात. कार्ड हरवलं असेल तर जुन्या गावच्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडू शकते, पालकांना तिथे फोन करायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांनी एखाद्या मुलाला पुढे पाठवलं असेल तर त्या चिठ्ठीची एक प्रत मी मुलाच्या दाखल्याच्या फाईलला लावते. मूल शाळा सोडून जाताना ती प्रत दाखल्यासोबत पालकांच्या हातात देते.